सात नंबरचा बिल्ला

मी एक जुनी चिंबोरी आहे. दचकू नका मित्रांनो, कालवणात पडणारी खेकडी नव्हे. मी लोखंडाची आहे. तळवली गावात जानूबाबांच्या पडवीत, फाटक्या जाळ्यांच्या ढिगाखाली मी पडून असते. माझ्या पाठीवर गंज चढलाय आणि डाव्या चाकात पालीनं अंडी घातली आहेत. वय विचाराल तर जेमतेम दीड वर्षाचं, पण टाकून दिलेली वस्तू लवकर जुनी होते. माझी गोष्ट गोड नाही. तरी सांगते, कारण मनात ठेवून मला चैन पडत नाही.

माझा जन्म अठ्ठ्याण्णव साली झाला. जानूबाबांची मुलगी, तिचं नाव पूर्वी, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती, मेकॅनिकलला. कॉलेजच्या फलकावर एक कागद लागला की घरी बनवलेली यंत्रं आणा, रिंगणात त्यांची झुंज लावू. पूर्वीनं तो कागद तीनदा वाचला म्हणे. मग ती आणि तळोज्याची तिची मैत्रीण नबीला कळंबोलीच्या लोखंड बाजारात गेल्या. तिथं भंगारात निघालेल्या ट्रकच्या वायपरच्या दोन मोटरी मिळाल्या, एक पत्रा मिळाला. पुढं फावड्याचं पातं बसवलं, की समोरच्याच्या पोटाखाली घुसायचं आणि उलथायचं. वायरींना कथलाचा डाग द्यायचं काम नबीलाचं. बोट भाजलं की ती "या अल्ला" म्हणायची आणि लगेच पुढचा डाग द्यायची. माझ्याकडे बघून जानूबाबा हसले आणि म्हणाले, "ही तं चिंबोरीच झाली गो!" तेच माझं नाव पडलं.

आता जानूबाबांच्या हातांबद्दल सांगायला हवं. खाडीत कारखान्यांचं पाणी यायला लागलं आणि मासळी आटली, तशी त्यांची होडी काठालाच राहिली. पण जाळं विणावं तर त्यांनी. दिवाळे गावापासून ऐरोलीपर्यंतचे लोक फाटकी जाळी त्यांच्याकडे आणून टाकायचे. पडवीत बसून ते न बघता गाठी मारायचे, गप्पा चालू, बोटं चालू. घर त्या बोटांवर चालत होतं. पूर्वी म्हणायची, "बाबा, माझंही हातांचंच काम आहे, तुम्ही एकदा बघायला या." ते नुसतं "बरा, बरा" म्हणायचे.

योग असा आला की त्यांना यावंच लागलं. त्या काळात आमच्यासारखी यंत्रं वायरीवर चालायची. बॅटरी आणि बटणांचा खोका रिंगणाबाहेर, आणि तिथून एक लांब वायर माझ्या पाठीत. ती वायर चाकाखाली येऊ नये म्हणून एक माणूस ती उचलून धरतो, लागेल तशी सोडतो, लागेल तशी ओढून घेतो. दोन मुलींच्या टीममध्ये वायर धरायला वर्गातला एकही पोरगा तयार होईना. पूर्वी रडकुंडीला आली. तेव्हा जानूबाबा गाठ मारता मारता म्हणाले, "दोरी धरायची ना? मंग मी हाय. आजवर दुसरा काय केलाय मी?"

त्यांनी काम अगदी जीव ओतून केलं. वायर हातात घेतली, वाकवून बघितली आणि मान हलवली. "ही तुटंल," म्हणाले. मग जाळ्याची नायलॉनची दोरी त्यांनी वायरीला टोकापासून टोकापर्यंत बांधून काढली. नबीलानं ताकद लावून ओढून बघितली आणि म्हणाली, "काका, आता ही हत्तीलाही तुटायची नाही." आम्ही सगळे खूश झालो. तीच दोरी पुढं आमचा घात करणार आहे, हे कोणाच्या मनात आलं असतं?

आणखी एक गोष्ट त्या दोघींनी केली. झुंजीत धक्क्यानं बॅटरीचे चिमटे निसटू नयेत म्हणून ते नटबोल्टनं आवळून टाकले. मला पुढं न्यायला बटण होतं, मागं न्यायला बटण होतं. सगळं एकदम बंद करायला मात्र काही नव्हतं. पहिलीच वेळ होती, तिकडं लक्षच गेलं नाही.

स्पर्धेच्या सकाळी कॉलेजच्या गेटवर वॉचमननं जानूबाबांना अडवलं. त्यांच्या कमरेला सुरी होती. "काका, सुरी आत नाही जाणार."

"दोरीवर मानूस सुरीबिगर उभा रात नाय," जानूबाबा शांतपणे म्हणाले.

मागं रांग लागली होती. कोणीतरी फिदीफिदी हसलं. पूर्वीचा चेहरा लाल झाला. "बाबा, इथं काय खाडी आहे का? द्या ना ती सुरी. सगळे बघतायत."

जानूबाबांनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि सुरी काढून दिली. वॉचमननं ती टेबलाच्या खणात टाकली आणि त्यांच्या हातात पत्र्याचा बिल्ला ठेवला, सात नंबरचा. तो त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातला.

पहिली झुंज मी जिंकले, मित्रांनो! समोरचं यंत्र माझ्या दुप्पट होतं. मी त्याच्या पोटाखाली पातं घातलं आणि त्याला सरळ उताणं केलं. काय त्या शिट्ट्या, काय तो गलका! पण सगळ्यात जास्त कौतुक झालं ते जानूबाबांचं. माझी वायर एकदाही अडकली नव्हती. परीक्षक सर स्वतः येऊन म्हणाले, "काका, अशी केबल आज कोणीच धरली नाही." जानूबाबा लाजले, खरंच लाजले. पूर्वी त्यांच्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, आपला जन्म सार्थकी लागला.

दुसऱ्या झुंजीत समोर आला तो एका दुसऱ्या कॉलेजचा गडी, माझ्यासारखाच लोखंडाचा. त्याच्या तोंडाशी दातांचं आडवं चाक होतं, आणि ते नुसतं घोंघावत होतं. पूर्वी घाबरली. "बाबा, आता घट्ट धरा हां. सुटू देऊ नका."

खाडीवर ओली दोरी निसटू नये म्हणून पंजाला एक वेढा घेतात. आणि ज्यानं वेढा घेतला त्याच्या कमरेला सुरी असतेच. दोरी कशात अडकली आणि माणसाला ओढायला लागली, तर आधी ती कापायची. पहिल्या झुंजीत जानूबाबांनी आठवणीनं वेढा घेतला नव्हता. या वेळी उन्हानं हात घामेजले होते, लेक घट्ट धरा म्हणाली होती, आणि तीस वर्षांची सवय होती. त्यांनी वेढा घेतला.

मी धडक दिली. तो बाजूला सरकला आणि त्याच्या चाकाच्या दातात माझी वायर गेली. ते चाक वायर गुंडाळत सुटलं. साधी वायर असती तर तेव्हाच तुटून सुटका झाली असती. जानूबाबा ओढले जाऊन फळ्यांच्या कुंपणावर आदळले. पूर्वीला वाटलं, मला मागं घेतलं तर वायर सुटेल. तिनं मागचं बटण दाबलं. मग एकीकडून तो ओढत होता आणि दुसरीकडून मी. अहो, मी सगळा जोर लावून ओढत होते! मला वाटत होतं, मी जिंकतेय.

"सोडा बाबा, सोडा!" पूर्वी ओरडली. पण सोडणार कसं? त्यांचा डावा हात कमरेकडे गेला. तिथं काही नव्हतं. तो हात पुन्हा पुन्हा कमर चाचपत होता, मी बघितलंय. नबीला बॅटरीचे चिमटे उपटत होती. "पाना द्या कोणीतरी! पाना!" ती किंचाळत होती. पूर्वीचं बोट भीतीनं बटणावरच राहिलं होतं. शेवटी दोरी गच्च भरून त्याचं चाक अडकलं आणि बंद पडलं.

वाशीच्या इस्पितळात जानूबाबांची उजव्या हाताची दोन बोटं काढून टाकावी लागली. ज्या बोटांवर गाठ बसते, नेमकी तीच.

पंधरा दिवसांनी पोस्टानं ती झुंज जिंकल्याचं प्रमाणपत्र आलं. नियम असा होता की शेवटपर्यंत चालू राहील तो जिंकला, आणि मी चालूच होते. मला बंद करायला काही नव्हतंच ना. पूर्वीनं ते पाकीट उघडून बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. त्यानंतर ती मला कधी बघायला आली नाही. गेटवर बिल्ला देऊन तिनं सुरी मात्र परत आणली. परीक्षा दिली, पास झाली. संध्याकाळी ती जाळी विणायला बसते आणि बाबा शेजारी बसून सांगतात, "ढिली झाली, काढ." ती गुपचूप काढते. लोक आता जाळी कमीच आणून टाकतात.

गेल्या महिन्यात जानूबाबांनी माझ्यावरचा ढीग बाजूला केला. मी मागं येताना ती नायलॉनची दोरी माझ्याही चाकांत गुंडाळली गेली होती, ती अजून तशीच आवळून होती. डाव्या हातात सुरी घेऊन ते ती कापायला बसले. डाव्या हाताला सवय नाही, सुरी सारखी घसरत होती. आवाज ऐकून पूर्वी दारात आली.

"बाबा, राहू द्या. भंगारात द्या ती."

"हिचा काय दोस गो?" जानूबाबा मान वर न करता म्हणाले. "हिला थांबाया कोनी शिकवलाच नाय."

पूर्वी खाली बसली आणि तोंडाला ओढणी लावून रडायला लागली. "मी सुरी द्यायला लावली, बाबा. मला लाज वाटली तुमची."

जानूबाबांनी दोरीचं एक टोक तिच्यापुढं केलं. तिनं ते दोन्ही हातांनी ताणून धरलं, वेढा न घेता, आणि त्यांनी कापलं.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणीतरी उद्या माझ्यासारखं काही बनवेल. जरूर बनवा. पण पुढं जायचं बटण मागाहून जोडा, थांबायचं आधी जोडा. आणि गेटवर तुमच्या घरचा कोणी माणूस कमरेची सुरी सोडायला तयार नसेल, तर मागच्या रांगेकडे बघू नका. तो का सोडत नाही, एवढं त्याला विचारा.