साक्षगंधाच्या आदल्या सकाळचा तितर

होळी झाली का आमच्या यायच्या अंगात तितर येते. वर्षभर हा माणूस मुका. वाढलं तं जेवते, नाई वाढलं तं ताटाकडं पाहत बसते. पण सातपुड्याच्या पायथ्याचं गवत वाळून खडखडीत झालं अन् पहाटे नाल्याकडून 'कतीतर, कतीतर' आवाज आला, का इंद्रभान तायडे गोधडीतून उठलेच समजा. चहासुद्धा मागत नाई. नवरा चहा सोडून कुठी गेला हे मले कोणाले विचारा लागत नाई. खुंटीवर गुलेल नसली का समजते.

या दिवसांतच तितराची शिकार काऊन करतात, ते सांगते. उन्हाळा लागता लागता तितराचा नर लय भांडखोर होते. आपल्या हद्दीत दुसरा नर बोलला का त्याले राहवत नाई, मान ताठ करून भांडाले धावते. शिकाऱ्यानं झुडपामागं लपायचं, तोंडानं तितरासारखं बोलायचं, अन् तो जवळ आला का गुलेलीनं दगड मारायचा. आमचे हे जीभ टाळूले लावून, ओंजळ तोंडावर धरून असे बोलतात का अंगणातल्या कोंबड्या मान वर करतात. यायले त्याचा केवढा गर्व, अन् मले केवढा राग! फॉरेस्टवाल्यायनं धरलं तं सरळ आत, हे एक. दुसरं म्हणजे हे पाखरायचे अंड्यावर बसायचे दिवस. मी म्हणो, अवो, घरची कोंबडी खुडूक बसली तं तिच्या टोपल्याजवळ तुमी कोणाले फिरकू देत नाई, मंग या पाखरायनं तुमचं काय घोडं मारलं? त्यावर हे पायाच्या अंगठ्याकडं पाहत बसत, अन् दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गायब.

पण औंदा गोष्ट वेगळी होती. औंदा समताचं जमलं होतं.

समता आमची एकुलती एक पोरगी. नांदुऱ्याले जिनिंगच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. तिले पाहाले लय जण आले, पोहे खाऊन गेले, अन् पोरीनं सगळ्यायले नाक मुरडलं. प्रज्वल मात्र तिले आवडला. तो लाइनमन हाय, नांदुऱ्याजवळच्या गावचा. त्यानं पहिलेच विचारलं, तुमाले लग्नानंतर नोकरी करायची हाय नं? बस, एवढ्यावर पोरगी पाघळली. तवापासून भांडे घासताना गाणं म्हणे. जन्मात कधी सूर काढला नाई अशी पोर गाणं म्हणे, अन् बेसूर म्हणे, तरी मले वाटे का हिनं म्हणतच राहावं.

अडचण होती तिच्या होणाऱ्या सासूची. महामायाबाई म्हणजे सरळ बोलणारी बाई. पहिल्या भेटीतच चहाचा कप खाली ठेवून तिनं विचारलं, तुमच्या घरात शिकार चालते काय? तिचा धाकटा भाऊ भागवत ऐन उमेदीत तितराच्या शिकारीले गेला होता, सोबत गावचेच तिघं जण. त्या तिघांपैकी कोणाचा तरी दगड त्याच्या डोळ्यावर बसला अन् डोळा गेला. तवापासून तिनं ठरवलं होतं, शिकार होते त्या घरात सोयरीक करायची नाई. हे ऐकून मी पदरानं घाम पुसत दारामागं गेली अन् खुंटीवरच्या गुलेलीवर टॉवेल टाकला. आमच्या यायनं तं बुद्धाच्या फोटोले हात जोडले अन् म्हणे, कवाची सोडली. सोडली होती, हे खरं, पण सकाळपासून. महामायाबाईचा नवरा वामनराव शेजारीच बसला होता. त्यानं सगळ्यायपेक्षा जोरात मान हलवली अन् शिकार करणाऱ्या माणसाले दया कशी नसते यावर पाच मिनिटं बोलला. मले वाटलं, काय देवमाणूस हाय.

ते गेल्यावर मी यायले समोर बसवलं. लग्न होईपर्यंत नाल्याकडं पाय टाकला तं तुमचं जेवण बंद, असं सांगतलं. यायनं कबूल केलं. पहाटे तितर बोलला का गोधडीत कूस बदलत, उसासे टाकत, पण उठत नसत. मले दयाही येई. राग अन् दया एकाच माणसाची, बायकोच्याच नशिबी.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्याच घरी होतं. आदल्या दिवशी पहाटे मी उठली तं गोधडी रिकामी. मांडववाल्याकडं गेले असतील म्हणून मी मनाले समजावलं, पण नजर खुंटीकडं गेलीच. टॉवेल होता, गुलेल नव्हती.

दिवस वर आला तवा हे आले, पण एकटे नाई. खांद्याले धरून एका माणसाले आणून राह्यले होते. त्याच्या डोक्याले यायचा गमछा गुंडाळलेला, त्यातून रक्त आलेलं. जवळ आला तवा पाह्यलं, तं वामनराव! उद्याचे याही, समताचे होणारे सासरे!

मी त्यायले ओसरीवर बसवलं, गरम पाण्यानं जखम धुतली. भुवईच्या वर चिंचोक्याएवढी खोक पडली होती अन् भोवताल टेंगूळ. अजून बोटभर खाली असती तं डोळाच गेला असता. कशानं लागलं म्हणून विचारलं तं दोघंही एकमेकाकडं पाहत. शेवटी यायनंच तोंड उघडलं. झालं असं होतं, का हे नाल्याच्या अलीकडं झुडपात बसून बोलत होते. पलीकडून तितरानं असं जबरदस्त उत्तर देलं का यायले वाटलं, असा नर मी जन्मात ऐकला नाई. हे बोलत, तो बोले. हे सरकत, तो सरके. असं मुरमावरून रांगत रांगत दोघं जवळ आले. पलीकडचं गवत हाललं अन् यायनं दगड सोडला. तं गवतातून कपाळ धरून वामनराव उठले, अन् त्यायच्याही हातात गुलेल.

म्हणजे दया सांगणारा देवमाणूस लग्नाच्या खुर्च्या ठरवाले जळगाव जामोदले जातो म्हणून बायकोले सांगून निघाला होता, अन् गाडी बाभळीखाली लावून आमच्याच नाल्यात बसला होता. त्यायच्याकडं सगळी काळी जमीन, झाडोरा नाई, तितर नाई. दोन म्हातारे एकमेकाले तितर समजून सकाळभर बोलावत राह्यले. मले हसूही येऊन राह्यलं होतं अन् दोघायच्या कानाखाली वाजवावं असंही वाटत होतं. पण वामनरावायनं हात जोडले अन् म्हणे, "ईनबाई, महामायाले हे समजलं तं ती उद्या येणारच नाई. गाडीवरून पडलो म्हणून सांगू." हेही म्हणाले, तेच बरं. अन् मी? समताचं गाणं माह्या कानात होतं. मी हाव म्हणली.

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. पाव्हणे आले, जय भीम झाला, चहा झाला. वामनराव कपाळाले पट्टी लावून पहिल्या रांगेत, आमचे हे त्यायच्या बाजूले, दोघंही चोरून दूध पेलेल्या बोक्यासारखे. महामायाबाईसोबत तिचा भाऊ भागवत आला होता. काळा चष्मा लावलेला, शांत माणूस. त्याले पाणी देताना माह्यानं त्याच्याकडं वर पाहवलं नाई.

मी आत पुऱ्या लाटत होती. महामायाबाई आत आली, दार लोटलं अन् समोर पाटावर बसली. पुऱ्या पाहत राह्यली. मंग म्हणाली का वामनरावायच्या गाडीले ओरखडा नाई, पँट फाटली नाई, गुडघा फुटला नाई, कोपर फुटलं नाई. अशी कशी गाडी पडली का फक्त कपाळ आपटलं? मी लाटणं फिरवत राह्यली. तिनं माहा हात धरला.

"रुख्मिणीबाई, जखम तुमी धुतली. तुमी सांगा, कशाची हाय?"

बाजूच्या खोलीत समताले साडी नेसवणं चालू होतं, तिचं हसणं ऐकू येत होतं. खोटं बोलणं केवढं सोपं होतं! दगडावर पडले, एवढं म्हणायचं होतं. पण ती बाई माह्याकडं अशी पाहत होती का माही जीभच उचलेना. मंग मी सगळं सांगतलं. नाला, झुडपं, दोघायच्या गुलेली, अन् मी स्वतः हाव म्हणली तेही. सांगून झाल्यावर म्हणलं, आता तुमाले जे करायचं ते करा, पण पोरीले काहीच माहीत नाई, तिले दोष देऊ नका. अन् मी रडली. पुऱ्यांच्या पिठातच रडली.

महामायाबाई चिडली नाई. पदर तोंडाले लावून बसली. मंग हळूच बोलली.

"भागवतसोबत तिघं होते. दगड कोणाचा होता, आजपर्यंत कोणी सांगतलं नाई. तिघंही म्हणतात, काटा लागला. ते तिघं अजूनही त्याच्या घरी येऊन चहा पेतात. तो तिघायकडं पाह्यते अन् विचार करते, का यातला कोण?"

भजे तळणारी बाई आत आली, आमचे चेहरे पाहून तशीच परत गेली. महामायाबाई उठली, पदर खोचला. म्हणाली, तिले पोरगी पसंत हाय अन् सोयरीक मोडायची नाई. पण ओटी भरायच्या आधी इंद्रभानभाऊनं भागवतसमोर उभं राहून सांगा लागन, काय झालं ते. सगळ्यायच्या देखत. नाई सांगतलं, तं ती साडीचोळीचं ताट उचलून नांदुऱ्याची गाडी धरणार.

मी बाहेर जाऊन यायले भिंतीआड बोलावलं अन् सांगतलं. यायचं तोंड उतरलं. मांडवात गावचे लोक, सोयरे, शाळेचे मास्तर, सगळे बसले होते. जन्मभर चारचौघांत न बोललेला माणूस. म्हणाले, कसं सांगू वं, इज्जतीचा कचरा होईन. मले राग आलाच नाई, पहिल्यांदा नाई आला. मी एवढंच म्हणली, "ती गाणं म्हणते आजकाल. ऐकलं नं तुमी?" यायनं टोपी नीट केली अन् हे मांडवात गेले.

बुद्धवंदनेले सगळे उभे राहात होते. आमचे हे भागवतभाऊसमोर जाऊन थांबले. दोनदा घसा खाकरला. मंग म्हणाले का याही गाडीवरून पडले नाई, आमी दोघं तितराच्या शिकारीले गेलो होतो, मी त्यायले तितर समजलो. "दगड माहा होता," म्हणाले.

मांडवात चुळबुळ झाली, कोणी हसलं, कोणी दाबून हसलं. वामनरावायनं मान खाली घातली. भागवतभाऊनं चष्मा काढला. एका डोळ्याच्या जागी पापणी मिटलेली होती, दुसरा डोळा यायच्यावर लावून तो लय वेळ पाहत राह्यला.

"पुन्हा एकदा म्हणा," भागवतभाऊ म्हणाला.

यायले वाटलं का त्याले ऐकू आलं नाई. मले समजलं होतं, हे त्याले आजपर्यंत कोणी म्हणलं नव्हतं. महामायाबाई माह्या बाजूले उभी होती, तिनं माहा हात घट्ट धरला.

"दगड माहा होता, भाऊ," आमचे हे म्हणाले, या वेळी मोठ्यानं.

भागवतभाऊनं मान हलवली. डोळ्यातून पाणी आलं ते त्यानं पुसलं नाई, तसाच उभा राह्यला. मंग आमच्या यायचा हात धरून त्यायले आपल्या बाजूले उभं केलं. वंदना सुरू झाली. ती संपल्यावर महामायाबाईनं समताची ओटी भरली.