दहा इंचांवर बारा पौंड

माझा थोरला भाऊ भगवंतराव, त्याच्या हाताला सगळ्या जिल्ह्यात नाव होतं. अमरावतीला त्याचं विहिरींवरच्या ऑइल इंजिनांच्या दुरुस्तीचं वर्कशॉप होतं, आणि त्यानं आवळलेला नट दुसऱ्याच्या बापाच्यानं सुटत नाही, असं लोक कौतुकानं सांगत. नागपूरला जाऊन तो विमान चालवायला शिकला, तेव्हाही कोणी हसलं नाही. मग एकोणसाठ साली त्यानं एकाच माणसाला बसता येईल अशा लाकडी विमानाचे नकाशे परदेशातून टपालानं मागवले, तेव्हा मात्र लोक थोडे हसले.

मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. नकाशांवरचं इंग्रजी वाचायचं, इंच मोजायचे आणि पंखांचं कापड शिवायचं, ही कामं माझ्याकडे आली. एकसष्टच्या पावसाळ्यापर्यंत वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये विमानाचा सांगाडा उभा राहिला होता. रोज शाळा सुटली की मी जवळजवळ पळतच तिकडे जायची.

सरकारी तपासनीस यायच्या आधी एखाद्या जाणत्या माणसानं ते पाहावं, असं दादाला वाटलं. अकोल्याच्या धर्मपालचं नाव कोणीतरी सुचवलं. हा मूळचा हिवरखेडचा, मजुरी करणाऱ्या घरातला. नऊ वर्षं त्यानं वायुदलात विमानांच्या सांगाड्याचं काम केलं होतं. छप्पन साली घरचे सगळे बौद्ध झाले तेव्हा तो आसामात होता. त्यानं पत्रानं घरी कळवलं, मीही तुमच्यासोबत. आता तो अकोल्यात मोटारींच्या कारखान्यात नोकरीला होता. एका रविवारी सकाळच्या गाडीनं तो बडनेऱ्याला उतरला. बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. चहा नंतर घेतो म्हणाला आणि सरळ शेडमध्ये गेला.

तासभर तो विमानाभोवती फिरला, खाली झोपला, बोटानं चाचपत राहिला. दादा मागोमाग होता, पण त्याला राहवेना. आपण एकेक बोल्ट कसा जीव लावून आवळला आहे, ते तो सांगत सुटला. मग धर्मपालनं पंखाच्या मुळाशी असलेल्या जाड लाकडी तुळईवरचा एक बोल्ट दाखवला आणि तो खोलायला सांगितला.

दादानं दोन्ही हातांनी जोर लावून नट सैल केला. धर्मपालनं बोल्ट काढला, फडक्यानं पुसला, आणि तोच नट त्यावर बोटानं फिरवत नेला. अर्ध्या आट्यांपर्यंत नट सरसर गेला आणि अडकला. खिशातून त्यानं तसलाच एक नवा बोल्ट काढला. त्यावर तोच नट शेवटपर्यंत गेला. दोन्ही बोल्ट शेजारी धरले तर दादाचा बोल्ट केसभर लांब होता. आवळून आवळून लोखंड ताणलं गेलं होतं. वॉशरखालचं लाकूडही चेपून आत गेलं होतं, त्याला नखाएवढी चीर होती.

"भगवंतराव," धर्मपाल शांतपणे म्हणाला, "हा बोल्ट वर गेल्यावर तुटला असता. सगळे खोला. ही तुळई नवी करा."

दादाचा चेहरा उतरला. वीस वर्षांत कोणी त्याला असं सांगितलं नव्हतं. वर्कशॉपमधला जुना मिस्त्री नत्थुजी कुजबुजला, की कालचा माणूस येतो अन् मालकाले शिकवतो. दादानं ते ऐकलं. तो बाहेर जाऊन लिंबाखाली उभा राहिला. आता हा धर्मपालला परत पाठवणार, असं मला वाटलं. थोड्या वेळानं तो आत आला आणि म्हणाला, "मले शिकवा."

त्या दिवसापासून शेडचं रूपच पालटलं. धर्मपालनं एका पान्याला बोल्टाच्या मध्यापासून मोजून दहा इंचांवर भोक पाडलं आणि त्यात स्प्रिंगचा वजनकाटा अडकवला. काटा धरून पाना ओढायचा आणि आकडा पाहायचा. या जाडीच्या बोल्टाला दहा इंचांवर बारा पौंड लागत होते, म्हणजे एकशेवीस इंच-पौंड. हा हिशेब मी फळ्यावर खडूनं मांडला. मग दादाला त्याच्या नेहमीच्या जोरानं एक जुना बोल्ट आवळायला लावला. काटा चाळीसच्या पुढे गेला. पहिल्यांदा दादाच हसला.

रविवारी रविवारी धर्मपाल येई. बोल्टाचं डोकं धरून ठेवायचं आणि नट फिरवायचा. बोल्टाचं डोकं वरच्या बाजूला ठेवायचं, म्हणजे नट पडला तरी बोल्ट जागचा हलत नाही. आटे लाकडात शिरता कामा नयेत. मी काट्यावरचा आकडा मोठ्यानं वाचायची. दहा, अकरा, साडेअकरा, बारा म्हटलं की दादाचा हात थांबायचा. त्या धिप्पाड माणसाला तिथं थांबताना घाम फुटायचा. आवळून झालेल्या नटावर आणि लाकडावर मिळून मी तांबड्या रंगाची बारीक रेघ ओढायची. नट सरकला तर रेघ तुटलेली दिसते. नवी तुळई करण्यात तीन महिने गेले. पण ते तीन महिने मला सुट्टीसारखे वाटले. शाळेत फळ्यावर गुणाकार लिहितानाही मनात काटाच हलायचा.

तपासनीस येऊन गेले. परवाना आला. बासष्टच्या एप्रिलात पंख वेगळे करून विमान ट्रकवर चढवलं आणि अकोल्याजवळच्या शिवणीच्या धावपट्टीवर नेलं. दोन दिवसांत पंख पुन्हा जोडले, त्यांचा प्रत्येक बोल्ट काट्यावर. तिसऱ्या दिवशी सकाळी उड्डाण ठरलं.

कशी कोण जाणे, बातमी फुटली. सूर्य उगवायच्या आत आसपासच्या शेतांतून माणसं आली, बैलगाड्या आल्या. दादा टोपी घालून तयार झाला. पाय उचलून आत बसणार तेवढ्यात तो थांबला, पुढे गेला आणि विमानाच्या नाकावरच्या लाकडी पंख्याच्या मधोमध हात ठेवून उभा राहिला.

"धर्मपालजी," तो म्हणाला, "हा पंखा आपण सप्टेंबरात बसवला. तवा हवा ओली होती. आता उन्हानं लाकूड आटलं असन ना?"

धर्मपाल त्याच्याकडे बघतच राहिला. मग धावत जाऊन पाना आणि काटा घेऊन आला. "मीच इसरलो होतो," तो म्हणाला. "कालच पायला पायजे होतं."

लोक ओरडू लागले, काहून थांबले म्हणून. शिवणीच्या सरपंचांनी निरोप पाठवला की ऊन चढून राहिलं. दादानं मान वर केली नाही. पंख्याचे सहाही नट त्यानं तपासले. पहिला नट बारा पौंडांवर येईपर्यंत पाव फेरा फिरला. दुसरा त्याहून जास्त. चौथा तर काटा लावायच्या आधी हातानंच हलला. समोरासमोरचे नट एकाआड एक घेत त्यानं सगळे पुरे केले, पुन्हा एकदा फिरून तपासले. मी आकडे वाचले. नव्या तांबड्या रेघा ओढून मी मागे सरले.

इंजिन सुरू झालं. विमान धूळ उडवत धावलं, शेपटी उचलली गेली, आणि चाकांखाली उजेड दिसला. मी चप्पल तिथंच टाकून धावपट्टीच्या कडेनं पळत सुटले. सगळी गर्दी पळत होती. धर्मपाल मात्र जागेवरच उभा राहून, डोळे मिटून, इंजिनाचा आवाज ऐकत होता. दादानं तीन मोठ्या घिरट्या घातल्या. सकाळच्या उन्हात पंखांचं कापड इतकं झळझळत होतं की मी शिवलेली शिवण खालून दिसते आहे असं मला वाटलं.

उतरताना विमान एकदा उसळलं आणि स्थिर झालं. दादा बाहेर आला तेव्हा त्याला नीट ऐकूच येत नव्हतं. मोर्णा नदी वरून दोरीएवढी दिसते, हे त्यानं तीनदा सांगितलं. मग धर्मपालचे दोन्ही हात धरून तो म्हणाला, "पुढचं दोन माणसांचं बनवू."

त्या दुसऱ्या जागेवर आधी कोण बसणार, यावरून अमरावतीपर्यंत ट्रकमध्ये मी दादाशी भांडत गेले, आणि नत्थुजी माझ्या बाजूनं होता.