पाण्याचा हबका

निपाणीत अक्काताईंचा मिरची कुटायचा डंक आहे. कुटताना तिखट उडून ठसका लागतो, म्हणून आधी मिरचीवर पाण्याचा हबका मारायचा, ही त्यांच्या सासूबाईंपासूनची पद्धत. यंदा त्यांच्या दहा जणींच्या गटाला परदेशी जाणाऱ्या तिखटाची पहिली मागणी आली होती. माल पास झाला तर वर्षभर डंक चालणार होता.

तिखट पिशव्यांत बंद होऊन पावसाळाभर पडून राहिलं, आणि बेळगावच्या प्रयोगशाळेत नमुना नापास झाला. त्यात बुरशीचं विष होतं. मर्यादा दहाची, निघालं बावीस.

अक्काताईंच्या भावाची मुलगी ब्राह्मी त्याच प्रयोगशाळेत काम करते. तिच्याकडून किरणांच्या उपचाराचं कळलं, तेव्हा पोती विकिरण केंद्रात जाऊन आली. दुसऱ्या तपासणीचा कागद घेऊन ब्राह्मी स्वतः निपाणीला आली.

"बुरशी सगळी मेली, आत्ती. पण विष सोळावर थांबलंय."

"बुरशी मेली, मग विष कुठनं ऱ्हायलं गं?"

"उंदीर मेला म्हणून त्यानं पिठात केलेली घाण जाती व्हय? किरणांनी थोडं विष मोडलं. लई जोरात मारली तर रंग-वास जाईल."

गटातल्या जयाबाई म्हणाल्या, "मग इथल्याच बाजारात इकूया की. कोण तपासतंय?"

अक्काताई आत जाऊन घरच्या तिखटाची बरणी घेऊन आल्या. प्रत्येक घाण्यातलं पहिलं मापटं त्या बरणीत जातं. त्यांनी ती पोत्यात उपडी केली.

"हे बी त्यातलंच," त्या म्हणाल्या. "खड्डा काढा."

डंकाशेजारची पाण्याची बादली बघून ब्राह्मीनं विचारलं, "ही कशाला?" अक्काताईंनी हबक्याचं सांगितलं, तेव्हा सगळा उलगडा झाला: तीच ओल पिशव्यांत कोंडून तिखटाला बुरशी लागली होती.

माल परदेशी पाठवणाऱ्या व्यापाऱ्यानं नव्या मालासाठी महिन्याची मुदत दिली. नवी मिरची दोन दिवस जास्त वाळवली, कोरडीच कुटली. बायका नाकावर पदर बांधून खोकत होत्या.

"सासूबाई शाण्या होत्या म्हणायच्या," जयाबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"शाण्याच होत्या. त्यांचं तिखट पंधरा दिवसांत संपायचं. पिशवीत कोंडून बोटीत बसायचं न्हाय."

या वेळी पहिलं मापटं भरून अक्काताईंनी ते बाजूला झाकून ठेवलं आणि नमुना बेळगावला पाठवला. आठ दिवसांनी ब्राह्मीचा फोन आला. आकडा तीन होता. मग त्यांनी बरणी भरली.