पुंजाजींचे दोन शब्द

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात सहदेवने खांद्यावर कॅमेरा घेऊन तेवीस लग्नं काढली, आणि आता सनई कानावर पडली तरी त्याचा खांदा ठणकायला लागायचा. हॅलोजनच्या दिव्याने डोळे तर पार कामातून गेलेले. त्या दुपारी लग्न नव्हतं, तर गडी धामणगाव बढ्यातल्या आपल्या व्हिडिओच्या दुकानात भिंतीला टेकून नुसता बसला होता. तेवढ्यात सिंधूताई पायरी चढून आल्या. मागच्या वर्षी त्यांच्या लेकीच्या लग्नाची कॅसेट सहदेवनेच केली होती. पदराखालून त्यांनी तीच काढली.

"भाऊ, आमच्या घरी टीव्ही नाही. एवढी लावून द्या. मले त्याइचा आवाज आयकाचा हाय."

त्याइचा म्हणजे नवऱ्याचा, पुंजाजींचा. ते दिवाळीत गेले. मांडवात बुद्धवंदना झाल्यावर माइक हातात धरून लेकीसाठी दोन शब्द बोलले होते.

 तो आवाज सहदेवनेच पुसला होता! लोकांना काय पाहिजे असतं? गाणी! जुने फोटो, नावांच्या रंगवलेल्या पाट्या, पोरांचा नाच आणि सगळ्यावर सलग गाणी, असं मिसळलं की मंडळी म्हणायची, "सिनेमाच केला बे सहदेवनं!" त्या मिसळण्याचा त्याला कोण अभिमान! मशीनचं एक बटण दाबलं की कॅसेटवरचं चित्र तसंच राहायचं आणि मूळ आवाजाच्या जागी गाणं बसायचं. आवाज गेला तो गेलाच. भाषण कोण ऐकतं, म्हणून पुंजाजींवर त्याने लेकीच्या पाठवणीचं गाणं घातलं होतं.

त्याने कॅसेट लावली. पडद्यावर पुंजाजी आले, माइक धरला, ओठ हलले. गाणं वाजत राहिलं. सिंधूताई सरकत सरकत टीव्हीजवळ गेल्या.

"आवाज मोठा करा न, भाऊ."

त्याने केला. गाणं मोठं झालं. आता मात्र त्याला राहवेना.

"ताई, त्याइचा आवाज नाही याच्यात. म्या पुसला."

"काऊन?"

काय सांगणार, कपाळ! "गाणं बरं वाटते म्हणून," तो पुटपुटला. त्याला स्वतःची लाज वाटली.

ताई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खाली बसल्या. "चालू राहू द्या," म्हणाल्या, "तोंड तं दिसते."

नवरा-नवरीवर फुलं टाकून झाली, पंगत आली आणि गाणं संपलं. दुसरं लागलंच नाही. मिक्सिंग करताना इथे सहदेवला डुलकी लागली होती. पुंजाजींच्या व्याह्यांनी तेव्हा त्याला चांगलं फैलावर घेतलं होतं, "मधातच गाणं बंद पडते अन् भांडे आयकू येतेत!" दुरुस्त करून देतो म्हणाला, पण अंगात त्राण कुठे होतं? राहूनच गेलं.

आता भांडी खणखणली. मग वाढता वाढता पुंजाजी थेट कॅमेऱ्यात पाहून बोलले, "ओ व्हिडिओवाले भाऊ! ठेवा ते मशीन. जेवून घ्या पयले. सकायपासून उभे हा तुमी."

लगेच दुसरं गाणं धाडकन सुरू झालं.

सिंधूताईंनी तोंडाला पदर लावला. "असेच होते जी ते," एवढंच म्हणाल्या. सहदेवने न सांगता कॅसेट मागे घेतली. पुन्हा लावली. पुन्हा. एवढ्या लग्नांत त्याला जेव म्हणणारं दुसरं कोण होतं? आणि हेही तो विसरला होता.

"मंग जेवले होते का तुमी?" ताईंनी डोळे पुसत विचारलं.

"हाव, ताई. पोटभर." त्या दिवशी तो उपाशीच पुढच्या मांडवाला पळाला होता.

त्याने कॅसेट बाहेर काढली, पेचकस घेतला आणि तिच्या कडेची प्लास्टिकची छोटी पट्टी कट्‌कन तोडून टाकली.

"काय तोडलं जी?" ताई घाबरल्या.

"काई नाही. आता याच्यावर कोणालेच गाणं टाकता येत नाही," सहदेव म्हणाला. "मलेबी नाही."