मंदाचा डावा पाय

मंदाचा पाय पहिल्यांदा सुजला तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि माझं लग्न ठरत होतं. या दोन गोष्टी एकाच महिन्यात आल्या नसत्या तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत आले. आता समजावत नाही. केलं ते मी केलं.

१९९२ साल होतं. आम्ही वसईजवळच्या उमेळ्याचे. माझ्या वडिलांची, आत्मारामांची, केळीची आणि सोनचाफ्याची वाडी होती. आम्ही दोघीच बहिणी, मंदा माझ्याहून सहा वर्षांनी लहान. एका सकाळी तिच्या डाव्या पायात चप्पल जाईना. मुरगळला असेल म्हणून आईने लेप लावला. आठ दिवसांत घोट्याचं हाड दिसेनासं झालं, महिन्याभरात सूज पोटरीपर्यंत चढली. दुखत मात्र काहीच नव्हतं. बोटाने दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा.

हत्तीरोग हा शब्द घरात कुणी उच्चारला नाही, पण सगळ्यांच्या मनात तोच होता. गावात एका म्हाताऱ्याला तो झालेला होता आणि त्याच्या नातींची लग्नं कशी रखडली तेही आम्ही पाहिलेलं होतं.

बाबांना वाडी सोडून निघता येत नव्हतं, आईला डॉक्टरांपुढे बोलायला सुचायचं नाही. म्हणून मंदाला वसईच्या डॉक्टरांकडे मी नेलं. त्यांनी दोनदा रक्त तपासलं. तिसऱ्या खेपेला मंदा आत कंपाउंडरकडे वजन करायला गेली असताना ते मला म्हणाले, "हा हत्तीरोग नाही. रक्तासारखंच एक पाणी आपल्या अंगभर फिरत असतं. ते वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या हिच्या पायात जन्मापासूनच कमी असाव्यात. पूर्ण बरं होणार नाही, पण पट्ट्या बांधून, हलकं मालीश करून ताब्यात राहतं. लवकर सुरू करा. आणि वजन वाढू देऊ नका." मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळासाठी त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

चार दिवसांनी आगाशीहून मला पाहायला येणार होते. स्थळ चांगलं होतं. मुलगा, जगन्नाथ, वसईच्या एका शाळेत शिकवायचा, घरची वाडी होती. मला तो एका लग्नात दिसला होता आणि मनापासून आवडला होता. रिक्षात बसल्यावर माझ्या डोक्यात एकच शब्द फिरत होता, 'जन्मापासून'. धाकटीला जन्मापासून काही आहे म्हटल्यावर मोठीलाही असेल, तिच्या मुलांनाही होईल, असंच लोक म्हणणार.

घरी आल्यावर आईने विचारलं, "काय म्हणाले गं?"

"हत्तीरोग नाही," मी म्हटलं. "वजन कमी करायला सांगितलंय."

आईने देवापुढे साखर ठेवली. चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. लग्न झालं की देऊ, असं मी ठरवलं होतं. फेब्रुवारीत लग्न झालं. तेव्हा वाटलं, आता काढली तर इतके महिने कुठे होती म्हणून विचारतील. नंतर प्रत्येक महिन्याला तेच वाटत गेलं. दोन वर्षांनी मला दिवस गेले, तेव्हा एका दुपारी मी ती चिठ्ठी चुलीत टाकली.

इकडे मंदाचा भात बंद झाला. मग गोड बंद झालं. सकाळी भाकरी, संध्याकाळी ताक आणि पालेभाजी. पाय काही उतरला नाही, उलट गुडघ्याच्या वर चढला. जड पायाने चालवेना, चालणं थांबलं तशी ती खरोखरच जाड होत गेली. आता तर कारण सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच होतं. अधूनमधून पाय लालबुंद व्हायचा, अंगात थंडी भरून ताप यायचा, चार दिवस ती पडून असायची. पायात चप्पल जात नाही म्हणून तिने कॉलेज सोडलं. घरात बसून ब्लाउज शिवू लागली, मशीन एकट्या उजव्या पायाने चालवायची. दोन स्थळं आली, ती मंदाला उठून चहा आणताना बघून निघून गेली.

सगळ्यात वाईट म्हणजे, मी सांगितलेलं मलाच खरं वाटायला लागलं होतं. दर रविवारी माहेरी जायचे आणि तिच्या ताटात बघायचे. माझ्या तेजसच्या पहिल्या वाढदिवसाला भरल्या पंगतीत मी म्हणाले, "मंदा, श्रीखंड पुरे हं आता." तिने वाटी बाजूला सारली. शेजारी बसलेल्या बायका हसल्या. मंदाही हसली. पहिलाच चमचा होता तो तिचा.

२००६ साली तिचं वजन एकशे अठरा किलोवर गेलं. जिना चढताना ती धापा टाकायची, साखरही वाढली होती. तोवर बाबा गेले होते. वाडीचा अर्धा तुकडा विकला होता आणि तिथे चार मजली इमारत उभी राहिली होती. पोट लहान करण्याचं ऑपरेशन मुंबईत होतं, हे जगन्नाथने वर्तमानपत्रात वाचलं. मी ते लगेच उचलून धरलं. माझ्या मनात काय होतं ते आज नीट कळतं. वजनाबरोबर पायही उतरला असता, तर मी खोटं बोलले नव्हते असं झालं असतं.

सर्जनने पाय बघितला होता. "याचं नंतर वेगळं बघावं लागेल," म्हणाले. मंदाने ते ऐकलं की नाही, कोण जाणे. ऑपरेशनला आत नेताना तिने माझा हात धरून विचारलं, "ताई, आता चप्पल येईल ना गं?"

"येईल," मी म्हटलं.

वर्षभरात ती सत्तेचाळीस किलोंनी उतरली. साखर ताब्यात आली, धाप थांबली. तिचा चेहरा लहानपणी होता तसा निमुळता झाला. लोक थांबून थांबून कौतुक करायचे. पण पाय होता तिथेच होता. थोडी चरबी गेली तशी कातडी लोंबायला लागली, आणि आत ते पाणी तसंच. एवढ्याशा अंगाला तो पाय दुसऱ्याच कुणाचा तरी जोडल्यासारखा दिसे.

"आधी मी सगळीच जाड होते," मंदा एकदा म्हणाली, "आता लोक सरळ पायाकडेच बघतात."

मग तिने खाणं आणखी कमी केलं. आम्हाला आधी ते कळलंच नाही. ऑपरेशननंतर खाणं थोडंच असतं, असं आईला वाटायचं. केस गळायला लागले, ओठ पांढरे पडले. एक दिवस शेजारच्या क्लेमेंटीनचा मला फोन आला. मंदा ओट्याजवळ चक्कर येऊन पडली होती. मी पोचले तेव्हा ती खाटेवर होती आणि क्लेमेंटीन तिला चमच्याने पेज भरवत होती. मंदा तोंड मिटून घेत होती.

"सकाळपासून काय खाल्लंस?" मी विचारलं.

"दोन चमचे वरण." मग ती रडायला लागली. "आता आणखी काय सोडू, ताई? पाय अजून का उतरत नाही? काय चुकतं माझं?"

मी तेव्हाही गप्प बसले. क्लेमेंटीन समोर आहे, असं कारण मी स्वतःला दिलं.

सर्जनने तिला झापलं आणि पायासाठी ॲनीचं नाव दिलं. ॲनी आमच्याच वसईची, पापडीची मुलगी. फिजिओथेरपी शिकून, परदेशात सुजलेल्या पायांवरचं खास काम शिकून आलेली. तिने टेप घेऊन पाय सहा ठिकाणी मोजला.

"याला लिम्फेडीमा म्हणतात," ती म्हणाली. "हे खाण्यामुळे झालेलं नाही. वजनाने वाढतं, पण वजनाने येत नाही. कधीपासून आहे?"

"सोळाव्या वर्षापासून."

"पंधरा वर्षं?" ॲनीने टेप खाली ठेवला. "तेव्हाच पट्ट्या बांधल्या असत्या तर पाय इतका निबर झाला नसता. कुणी सांगितलंच नाही तुम्हाला?"

"डॉक्टर फक्त वजन कमी करा म्हणाले होते," मंदा म्हणाली. "ताईच होती ना बरोबर." आणि तिने अगदी विश्वासाने माझ्याकडे पाहिलं.

घरी पोचलो, आई दोघींना पाणी द्यायला आली, तेव्हा मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. डॉक्टरांचं बोलणं, ती चिठ्ठी, आगाशीची माणसं, चूल. मला वाटलं होतं मंदा ओरडेल. ती अगदी हळू आवाजात एकेक विचारत गेली.

"तू वाचली होतीस चिठ्ठी?"

"हो."

"पट्ट्या बांधायच्या, हे तुला माहीत होतं?"

"हो."

"श्रीखंड पुरे म्हणालीस, तेव्हाही?"

आई मध्ये पडली, "आता कशाला उकरायचं, झालं ते झालं." मंदा आईकडे वळली नाही. मला म्हणाली, "उद्यापासून येऊ नकोस."

मी जगन्नाथलाही सांगितलं. तो बराच वेळ चष्मा पुसत बसला. "तेव्हा सांगितलं असतंस तरी मी तुलाच केली असती," तो म्हणाला. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला असेल, खरंही असेल. मला त्या वाक्यानंतर दोन दिवस जेवण गेलं नाही. ते खरं असेल तर मंदाची पंधरा वर्षं फुकटच गेली होती.

आठ महिने मी उमेळ्याला गेले नाही. बातम्या आईकडून कळायच्या. मंदा आता नीट जेवते. ॲनीने तिला सगळं शिकवलं: पाय धुवायचा, मलम लावायचं, आधी कापूस गुंडाळायचा आणि बोटांपासून वर पट्टी बांधत यायचं. मांडीपर्यंत स्वतःला वाकता येत नाही, म्हणून रोज सकाळी क्लेमेंटीन येते. पोटरी नऊ सेंटिमीटरनी उतरली. पाय बरोबरीचा कधीच होणार नाही, असं ॲनीने स्पष्ट सांगितलं होतं, आणि मंदाने ते न रडता ऐकून घेतलं, असं आई म्हणाली. नाक्यावर गाळा घेऊन तिने शिवणाचं दुकान टाकलं. उद्घाटनाचं बोलावणं आमच्या घरी आलं, ते जगन्नाथ आणि तेजसच्या नावाने.

मग ऑक्टोबरात एका सकाळी फोन वाजला. "क्लेमेंटीन लेकीच्या बाळंतपणाला गेलीय, महिनाभर," मंदा म्हणाली. "आईच्या हातात जोर नाही. तुला जमेल?"

"येते," मी म्हटलं. "मंदा, मी–"

"नुसती ये. बोलू नकोस."

मिळाली ती पहिली एसटी धरून गेले. मंदा पाय स्टुलावर ठेवून बसली होती. इतक्या वर्षांत मी त्या पायाला हात लावलेला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. कातडी जाड होती, घोट्यापाशी खरखरीत, आणि गरम. मी बोटांपासून सुरुवात केली. गुडघ्यापर्यंत आले तेव्हा ती म्हणाली, "सैल झालीय. सोड."

मी सोडली, पुन्हा बांधली.

"आता घोट्यापाशी सुरकुती पडली. तिथे जखम होते मला. सोड."

मी तिसऱ्यांदा बांधली. तिने उभं राहून दोन पावलं टाकून पाहिली, दुकानाची किल्ली उचलली आणि निघाली. दारात क्षणभर थांबली.

"उद्या साडेसहाला ये," ती म्हणाली. "मला आठला दुकान उघडायचं असतं."

मी पट्टीची रिकामी वेष्टनं गोळा केली आणि पहाटे आगाशीहून पाच पंचवीसची एसटी असते का, ते विचारायला घरी जगन्नाथला फोन लावला.