कस्तुराबाईंच्या घरात माणसं किती

मित्रांनो, मी कस्तुराबाईंच्या कानाचं मशीन आहे. जुनं झालंय, वायरीला चिकटपट्टी आहे, पण ऐकू चांगलं येतं. स्वभाव मात्र संशयी. दिवसभर लोकांचं बोलणं ऐकल्यावर दुसरं काय होणार!

लातूरच्या एका दुकानातून बाईंच्या मुलानं, बालाजीनं, मला किल्लारीला आणलं. आई बोलत नाही, सांगितलेलं विसरते, अशी त्याची तक्रार. बाईंनी मला उलटंपालटं करून पाहिलं.

"फुकट कुणी काई देत न्हाई. हे माझं बोलणं त्याला सांगतंय," म्हणाल्या, आणि मला ज्वारीच्या कोठीत खुपसलं.

नातू लातूरला क्लासला होता. बाईंनाही तिथल्या खोलीवर न्यायचं, पोराला डबा मिळेल, आणि इथलं घर बंद करायचं, असा बालाजीचा बेत. घरामागोमाग शेतही जाणार, हा बाईंचा संशय. खोटं कशाला बोलू, माझाही तोच होता.

मला कोठीतून काढलं ते शेजारच्या गौसियानं. ती कपडे शिवते आणि गल्लीतला बायकांचा बचत गट चालवते. गटाच्या बैठकीत एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की ऐकू न येणं, एकटं पडणं, बीपी वाढलेलं राहणं, यानं म्हातारपणी विसर पडायचा धोका वाढतो. तेव्हापासून बायका म्हाताऱ्यांना संध्याकाळी फिरायला नेतात, बीपी तपासतात, गप्पांना बसवतात.

"मावशी, तुम्हाला ऐकू येत न्हाई म्हणून तुम्ही लई मोठ्यानं बोलता," गौसिया मला पुसत म्हणाली. "तुमची गुपितं सगळी गल्ली ऐकून राहिली. मशीननं आणखी काय सांगायचं?"

बाई हसल्या. मी कानात गेल्यावर पुन्हा बोलू लागल्या, भांडू लागल्या, दुसऱ्यांच्या सुनांना नावं ठेवू लागल्या. मला फार बरं वाटलं.

पण बालाजीला खात्री हवी होती. गटानं गावात म्हाताऱ्यांच्या स्मरणशक्तीची तपासणी ठेवली, तिथं तो आईला घेऊन गेला. एका तरुण डॉक्टरनं विचारलं, "आजी, घरात माणसं किती?"

"सात."

"चारच आहेत," बालाजी खालच्या आवाजात म्हणाला. "बघा, मी सांगत नव्हतो? उद्याच लातूरला नेतो."

माझाही धीर खचला. बाई हातच्या गेल्या असंच वाटलं.

गौसिया तेवढी पुढं झाली. "मावशी, कोण कोण ते सांगा."

"मी, बालाजी, सून, नातू. मालक, माझी सिंधू, अन् सासूबाई." बाईंनी पदर सारखा केला. "भूकंपानंतर मोजायला माणसं आली. घरात किती, म्हणाले. मी दोघं सांगितलं, मी अन् हे पोरगं. त्यांनी दोघंच धरले अन् पुढच्या घरी गेले. माझी तिघं कुणी इचारली न्हाईत. तवापासून मी कमी सांगत न्हाई."

बालाजी तेव्हा शाळकरी होता. सिंधू त्याची धाकटी बहीण, वडील आणि आजीबरोबर भूकंपात गेलेली. डॉक्टरनं पुन्हा विचारलं, "मग किती धरू?"

"सात," बालाजी म्हणाला. "अन् आई इथंच राहील."

शेताचं मला अजून ठाऊक नाही, म्हणून कान उघडे ठेवलेत. तुम्हीही ठेवा, मित्रांनो. घरातलं म्हातारं माणूस चुकीचं बोललं असं वाटलं, तर त्याला विसरभोळं ठरवायच्या आधी शेजारी बसा आणि आणखी एक प्रश्न विचारा.