वर्ष होईपर्यंत

दुर्वाला जबलपुरातच कॉलेज मिळालं तेव्हा मला बरं वाटलं. नीलिमा जाऊन चार महिने झाले होते आणि चेरीतालच्या घरात आम्ही बापलेक दोघंच उरलो होतो. मग कळलं की तिथं पहिल्या वर्षाच्या मुलांना होस्टेलात राहावंच लागतं, गावातलीच असली तरी. घर स्कूटरवर अर्ध्या तासावर.

मी दुर्वाला घेऊन वॉर्डनबाईंकडे गेलो. सगळे त्यांना श्रद्धा मॅडम म्हणायचे. त्या म्हणाल्या, "अंकल, यहीं के गोरखपुर मोहल्लेवाले भी आते हैं, मदन महलवाले भी. सबको यही कहती हूँ. पहले साल साथ रहेंगे तो एक-दूसरे को सँभालना सीखेंगे."

मला एवढंच दिसत होतं की फॅक्टरीतून घरी आलो की कोणी नसणार. मी म्हणालो, "मैडम, इसकी माँ गई है. हमारे मराठियों में बरसी तक घर की बेटी बाहर नहीं सोती."

त्यांनी हातच जोडले. "बरसी की बात है तो मैं क्या बोलूँ. डीन सर से बात कर लेती हूँ."

असली काही रीत आमच्यात नाही. ती मी खुर्चीत बसल्या बसल्या तयार केली.

दुर्वाला ती खरी वाटली. घरी येऊन तिने बांधून ठेवलेली गादी सोडली. रोशनी नावाच्या मैत्रिणीबरोबर ती खोली घेणार होती. तिला फोनवर म्हणाली, "तू किसी और को ले ले." मग नागपूरला माझ्या बहिणीला, शकुला, फोन लावला. वर्ष होईपर्यंत आणखी काय काय पाळायचं, ते तिला विचारायचं होतं.

थोड्या वेळाने शकुचा मला फोन आला.

"काहून रे दादा, ही कोणती रीत काढली तू?"

मी फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेलो.

"बाबा गेले तेव्हा वर्षाच्या आत लग्न करा, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागते, म्हणून चार महिन्यांत धाडलं न मला सासरी? तेव्हा मी घरची पोरगी नव्हती का?"

"तू दुर्वाला काय सांगितलं?"

"तुझ्या बाबाले विचार म्हटलं. मी काहून वाईट होऊ?"

दुर्वा स्वयंपाकघरात उभी होती.

"बाबा, ऐसा कुछ नहीं है ना?"

"नाही."

"तो मैडम से झूठ बोले आप. आई के नाम पे."

"हो."

"क्यों?"

"तू गेल्यावर मी एकटा पडतो."

तिने गॅस बारीक केला. मग म्हणाली, "तो मैं रुक जाती हूँ ना. रीत हो, ना हो."

ती खरंच थांबली असती. आणि तिला थांबायचं नव्हतं, हेही तिच्या तोंडावर दिसत होतं.

"नको," मी म्हणालो. "रोशनीला फोन लाव. मॅडमना मी सांगतो."

मॅडमना खरं सांगताना माझी मान वर होईना. त्या रागावल्या नाहीत. "रविवार को चार से छह मिल सकते हैं," एवढंच म्हणाल्या.

असा नियम असावा की नसावा, मला अजून ठरवता येत नाही. परगावच्या पोरींचं ठीक आहे. पण घरी माणूस असताना कशाला, असं वाटतं. मग वाटतं, घरी माणूस आहे म्हणूनच ती कधी निघाली नसती.

पहिल्या रविवारी मी चिवडा घेऊन वेळेआधीच पोहोचलो. दुर्वा धावत आली. मेसच्या भाजीला नावं ठेवली, रोशनीच्या घोरण्याची नक्कल केली आणि स्वतःच हसली. तिची आई गेल्यापासून तिला मी हसताना पाहिलं नव्हतं. तेवढ्यात वरच्या खिडकीतून रोशनीने हाक मारली. त्यांना कुठल्याशा नाचाची तालीम होती.

"बाबा, मैं जाऊँ?"

"जा. मी पण निघूनच राहिलो."

ती चिवडा घेऊन पळाली. मी तिथंच बाकावर बसलो. भेटायची वेळ अजून पुष्कळ उरली होती, आणि घरी जाऊन करायचं काय होतं. शेवटी गेटवरचा भैया जवळ आला आणि म्हणाला, "अंकल, बंद करना है."